नेत्याची निवडणूक-कुंडली मांडताय? या चुका टाळा

आमच्या लाखांदूर तालुक्यातल्या अभ्यासिकेत दर निवडणुकीच्या तोंडावर एक खेळ रंगतो. भरतीची तयारी करणारी पोरं कुठल्यातरी नेत्याची 'कुंडली' मांडतात. कधी उभा राहिला, कुठून, कोणाकडून, किती मतांनी पडला. ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि दोन दिवसांनी चुकांसकट कोणाच्या तरी भाषणात ऐकू येते. मी स्वतः एका स्थानिक साप्ताहिकासाठी अशा चौकटी लिहिल्यात आणि तोंडघशीही पडलोय, म्हणून लिहायचा अधिकार आहे असं समजतो.

उदाहरण घरचंच घेऊ. नाना पटोले. भंडारा जिल्ह्यातला नेता, २०२१ ते २०२५ काँग्रेसचा प्रदेशाध्यक्ष. चुकायच्या जवळपास सगळ्या जागा या एका माणसाच्या कारकिर्दीत सापडतात.

नाव तेच, मतदारसंघ वेगळा

माझी पहिली चूक इथलीच. चौकटीत मी लिहून बसलो, 'साकोलीतून १९९९ ला प्रथम आमदार'. दुसऱ्या दिवशी टपरीवर एकानं चहाचा कप खाली ठेवत विचारलं, "सर, आपला लाखांदूर काय चोरीले गेला का?" बरोबर होतं त्याचं. १९९९ आणि २००४ ला पटोले निवडून आले ते लाखांदूर मतदारसंघातून. २००८ च्या पुनर्रचनेत तो मतदारसंघच संपला आणि आपला तालुका साकोलीत गेला. २००९ पासूनची 'साकोली' म्हणजे साकोली, लाखनी आणि लाखांदूर मिळून. जुन्या साकोलीची मतं नव्या साकोलीशी ताडून 'वाढले' किंवा 'घटले' म्हणणं म्हणजे दोन वेगळ्या बांध्यांतलं धान एकाच कट्ट्यात मोजणं.

लोकसभेचंही तसंच. २००४ पर्यंत 'भंडारा', २००९ पासून 'भंडारा-गोंदिया'. चिमूर गेलं, गडचिरोली-चिमूर आलं. वाशीम यवतमाळला जोडलं गेलं. बुलडाणा आधी अनुसूचित जातींसाठी राखीव होतं, ते खुलं झालं आणि अमरावती राखीव झालं. एखादा नेता २००९ ला मतदारसंघ सोडून गेला तर लगेच 'पळाला' लिहू नका. कधी कधी जागाच त्याच्या पायाखालून निघालेली असते.

वर्ष लिहिलं, निवडणूक लिहिली नाही

'२००९ – पराभूत' असं एकानं लिहिलं, दुसऱ्यानं '२००९ – विजयी'. दोघं भांडले. दोघंही खरे होते! त्या वर्षी लोकसभेला पटोले अपक्ष उभे राहिले आणि प्रफुल्ल पटेलांकडून हरले. ऑक्टोबरात विधानसभेला भाजपकडून साकोलीत जिंकले. २०१९ लाही तेच झालं. लोकसभेला काँग्रेसकडून नागपुरात नितीन गडकरींसमोर दोन लाखांवर मतांनी पराभव, आणि काही महिन्यांत साकोलीत विजय. म्हणून रकाने तीन हवेत, वर्ष, सभागृह आणि पक्ष.

पक्षाच्या रकान्यात तर हमखास घोळ होतो, कारण आजचा पक्ष सगळ्या ओळींत वरून खाली ओढून टाकायची सवय. १९९९ आणि २००४ काँग्रेस, २००९ लोकसभा अपक्ष, त्याच वर्षी विधानसभा भाजप, २०१४ लोकसभा भाजप (इथं त्यांनी प्रफुल्ल पटेलांना दीड लाखाच्या आसपास मतांनी हरवलं), पुढे परत काँग्रेस. हे लिहिलं की समर्थक चिडतात, न लिहिलं की विरोधक. लिहाच.

एका पोरानं '२०१८ – भंडारा-गोंदिया, पराभूत' अशीही ओळ टाकली होती. पटोलेंनी डिसेंबर २०१७ मध्ये खासदारकी सोडली हे खरं, पण मे २०१८ च्या पोटनिवडणुकीत ते उमेदवारच नव्हते. ती जागा राष्ट्रवादीच्या मधुकर कुकडेंनी जिंकली. यंत्रं बिघडल्यामुळं ४९ केंद्रांवर पुन्हा मतदान घ्यावं लागलं होतं, म्हणून ती लोकांच्या लक्षात राहिली एवढंच.

विधानसभेचं अध्यक्षपद, प्रदेशाध्यक्षपद, राज्यसभा हे सगळं वेगळ्या चौकटीत. जनतेच्या मतदानाच्या यादीत ते घुसवू नका.

आकडा फेरीचा की शेवटचा?

२०२४ च्या विधानसभेला साकोलीत पटोले २०८ मतांनी जिंकले. २०८ म्हणजे एखाद्या टोलीची, छोट्या वस्तीची मतं. त्या दिवशी माझ्या मोबाईलवर फेरीगणिक वेगळे आकडे येत होते, आणि मधल्याच कुठल्यातरी फेरीचा फोटो 'अंतिम' म्हणून आजही फिरतो. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर नमुना २० असतो. त्यात केंद्रनिहाय मतं आणि टपाली मतं दोन्ही दिसतात. आपल्या गावचं केंद्र शोधून पाहा. तिथला आकडा गावात सांगितल्या जाणाऱ्या आकड्याशी क्वचितच जुळतो.

मतं आणि क्रमांक यांचीही गल्लत नको. लोकसभेला अकोल्यात प्रकाश आंबेडकर २०१९ ला दुसरे होते, २०२४ ला तिसरे. 'जनाधार कोसळला' असं लगेच लिहिलं गेलं. पण दोन्ही वेळा त्यांना मिळालेली मतं पावणेतीन लाखांच्या थोडी वर, जवळपास तेवढीच. बदलली ती बाकीच्यांची वाटणी. आणि 'डिपॉझिट गेलं' म्हणताना वैध मतांचा एक षष्ठांश काढून पाहा. तिसरा आला म्हणजे अनामत गेली असं नसतं.

१९५२ शोधताय महाराष्ट्रात?

सापडणार नाही. १९५२ ला विदर्भ मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. १९५७ ला मुंबई राज्यात. महाराष्ट्राच्या यादीत आपण येतो ते १९६२ पासून. जुन्या नेत्यांच्या पहिल्या दोन निवडणुका पोरांच्या तक्त्यातून गायब होतात त्या यामुळं.

सगळ्यांत जास्त चुका होतात बाबासाहेबांच्या भंडाऱ्याच्या निवडणुकीत. ती १९५२ ची नव्हे, १९५४ ची पोटनिवडणूक. १९५२ चा पराभव उत्तर मुंबईतला, नारायण काजरोळकरांकडून. 'भंडाऱ्यात हरले म्हणून संसदेबाहेर राहिले' हेही चूक, १९५२ पासून ते राज्यसभेत होतेच. भंडाऱ्यात राखीव जागा काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी जिंकली, सर्वसाधारण जागा अशोक मेहतांनी. एकाच मतदारसंघातून दोन खासदार.

हे वाचून आमच्या एका हुशार विद्यार्थ्यानं भंडाऱ्याच्या त्या निवडणुकीतल्या मतांची बेरीज केली आणि मतं मतदारांपेक्षा जास्त होतात म्हणून आकडे खोटे ठरवले. तेव्हा अभ्यासिकेच्या ओट्यावर एक म्हातारे बाबा बिडी ओढत बसले होते. म्हणाले, "खोटं कायचं? माह्या बापानं दोन चिठ्ठ्या टाकल्या होत्या. दोन पेट्यांत." पोरगा हसला. मग मी त्याला समजावलं, तेव्हा अशा मतदारसंघात प्रत्येकाला दोन मतं असत आणि उमेदवारागणिक पेटी वेगळी असे. त्यानं वहीतली बेरीज खोडली आणि बाबांना विचारलं, "दुसरी चिठ्ठी कोणाले टाकली होती जी?"

बाबांनी बिडी विझवली. "ते बापालेच मालूम."