दिवाळीचा किल्ला: यंदा तोलोलिंग करा

दिवाळीत आमच्या मंगळवार पेठेत दर दोन घरांआड एक प्रतापगड उभा असतो. कारगिल करायचं ठरलं तर पोरांना टायगर हिलच हवी असते. मी तोलोलिंग करायला लावतो. टायगर हिल 5062 मीटर, नाव मोठं. पण द्रास गाव आणि श्रीनगर-लेह रस्त्याच्या थेट डोक्यावर बसलेला डोंगर तोलोलिंगच. वर बसलेल्या शत्रूला खालचे ट्रक दिसायचे, मग तोफांना नेम सांगणं सोपं. म्हणून आधी तोलोलिंग घ्यावा लागला.

तेव्हा डोंगर राहू दे, आधी रस्ता करा. पुढच्या बाजूला वीतभर रुंद पट्टा, त्यावर कोळशाची पूड. त्याच्या मागे डबर आणि विटा कमरेएवढ्या रचा, रस्त्याकडची बाजू उभी ठेवा. गोणपाट मातीच्या पातळ राडीत बुडवून वरून सोडा. पडतील त्या चुण्या तशाच राहू द्या, त्याच घळी आणि सोंडा. तळहाताने सारवलंत तर टेकाड होईल.

अहळीव, मोहरी काही पेरायचं नाही. आपलं कळसूबाई 1646 मीटर; द्रास गावच जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे, आणि डोंगर तर त्याच्याही वर. तिथे झाड नाही. ओल्या मातीवर बारीक कच आणि राख मारा, घळींत चिमूटभर पांढरी रांगोळी. महाराज आणि मावळे यंदा शेजारच्या प्रतापगडावर पाठवा.

माथ्यावर शहाबादी फरशीच्या कपच्यांचे बंकर रचा, फट रस्त्याकडे. अंधार पडला की फटीशी मोबाईलची बॅटरी धरा. उजेड पडेल तिथे गोळी पडते. रस्ता उजळला नाही तर मधला फुगवटा तासा. सावली राहील तिथेच आपले जवान लावा. पोरं हमखास उघड्या उतारावर रांग लावतात. त्यांनाच बॅटरी धरायला द्या, रांग आपोआप मोडेल. माथ्याखाली मात्र सावली उरतच नाही. शेवटच्या त्या टप्प्यानेच आपल्या 18 ग्रेनेडियर्स पलटणीला मे महिन्यापासून अडवून धरलं होतं. त्यांचे मेजर राजेश अधिकारी तिथेच पडले.

बोफोर्स खाली रस्त्यालगत, नळ्या वर. जुन्या पेनाची नळी छान दिसते. ह्या तोफांनी आधी माथा भाजून काढला, मग 2 राजपुताना रायफल्सनी रात्री चढून 13 जून 1999 ला तोलोलिंग घेतला.

टायगर हिलचा हट्ट सुटेचना, तर मागे एक सुळका उभा करून कड्यावरून सुतळी सोडा. शत्रूने सोडून दिलेल्या त्याच बाजूने ग्रेनेडियर्स चढले; तारीख 4 जुलै.

पाटीवर दोन्ही पलटणींची नावं लिहा. ग्रेनेडियर्सचं गाळू नका, खालची जागा त्यांनी धरून ठेवली म्हणून राजपुताना रायफल्सना चढता आलं.