अँटिबायोटिक सिरप देताना या चुका टाळा

डॉक्टरांनी मुलाला तपासलं, जिवाणूंचा संसर्ग आहे म्हणून अँटिबायोटिक लिहून दिलं, मेडिकलमधून बाटली घरी आली. इथून पुढे सगळं घरच्यांच्या हातात असतं आणि गडबडही बहुतेक इथेच होते. पुण्यात औषधाच्या काउंटरवर उभं राहून आईबाबांचे आणि आजीआजोबांचे प्रश्न मी रोज ऐकते. पाणी किती घालायचं, चमचा कोणता घ्यायचा, बाटली संपली आता काय करायचं. त्यांतल्या ज्या चुकांमुळे औषध वाया जातं किंवा मुलाला त्रास होतो, त्याच इथे लिहिते आहे.

पाणी अंदाजाने घालणं

बरीच अँटिबायोटिक्स कोरड्या पावडरच्या रूपात येतात. पाणी मिसळलं की औषधाची ताकद हळूहळू उतरायला लागते, म्हणून ते आधी मिसळलेलं नसतं. खोक्यात पाण्याची छोटी बाटली दिलेली असेल तर तेच पाणी वापरा. नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घ्या. कोमटही नको, उष्णतेने औषध खराब होतं. फिल्टरचं आहे म्हणून थेट घालू नका. 2025च्या जानेवारीत पुण्याजवळच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याची किती चर्चा झाली ते सिंहगड रस्त्यावरच्या लोकांना सांगायला नको.

आधी बंद बाटली तळहातावर आपटून पावडर मोकळी करा. बाटलीवरच्या खुणेच्या थोडं खालपर्यंत पाणी घाला, झाकण लावून जोरात हलवा आणि फेस बसू द्या. मग पातळी खाली गेलेली दिसेल. आता बाटली डोळ्यांसमोर धरून बरोबर खुणेपर्यंत पाणी भरा आणि पुन्हा हलवा. फेसालाच पातळी समजून थांबलात तर पाणी कमी पडतं आणि औषध जास्त तीव्र होतं. खुणेच्या वर गेलात तर ते पातळ होतं आणि प्रत्येक डोस कमी पडतो. पाणी मिसळल्याची तारीख लेबलवर पेनाने लिहा. नंतरही प्रत्येक डोसआधी बाटली हलवायची, कारण औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर सुरुवातीचे डोस पातळ जातात आणि शेवटचे भारी.

फक्त एमएल बघणं

ही चूक मला सगळ्यात धोक्याची वाटते. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचं सिरप 5 एमएलमध्ये 228.5 मिलिग्रॅमचं मिळतं आणि 457चंही. बाटल्या जवळजवळ सारख्या दिसतात. डॉक्टरांनी पहिल्या ताकदीचं 5 एमएल लिहिलं असेल आणि घरात दुसऱ्या ताकदीची बाटली आली, तर मूल दर वेळी दुप्पट औषध घेतं. चिठ्ठीवरचा आकडा आणि बाटलीवरचा आकडा दुकानातच जुळवून बघा. जुळत नसेल तर स्वतः हिशोब करत बसू नका, डॉक्टरांना फोन लावा. मुलाचा डोस वजनावर ठरतो. त्यामुळे गेल्या वर्षीची चिठ्ठी किंवा ताईचं उरलेलं औषध धाकट्याला चालत नाही.

मोजायला स्वयंपाकघरातला चमचा नकोच. प्रत्येक घरातल्या चमच्याचं माप वेगळं. बाटलीसोबतचं मापाचं झाकण वापरा. तान्ह्या बाळासाठी सुई नसलेली तोंडी सिरिंज मागून घ्या, आम्ही देतो.

बाटली संपली म्हणजे कोर्स संपला असं समजणं

30 एमएलची बाटली 5 एमएल दिवसातून दोनदा दिली तर 3 दिवसांत संपते. डॉक्टरांनी 5 दिवस सांगितले असतील तर 50 एमएल लागणार, म्हणजे दुसरी बाटली आणावीच लागेल. ताप उतरलेला असतो, मूल खेळायला लागलेलं असतं आणि ती दुसरी बाटली राहून जाते. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंमुळे घसा आला असेल तर पूर्ण कोर्सला फार महत्त्व आहे, कारण उपचार अर्धवट राहिल्यास पुढे संधिवाताचा ताप (रूमॅटिक फीवर) येऊन हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते. दोन्ही बाटल्या एकदम मात्र कालवू नका. दुसरीत पाणी पहिली संपल्यावरच घाला. किती दिवसांत वापरायची ते लेबलवर असतं, बहुतेकदा 5 ते 7 दिवस. नंतर उरलेलं टाकून द्या.

क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड असलेलं सिरप कालवल्यावर फ्रिजमध्येच लागतं. फ्रीझरमध्ये नाही, आणि दारातही नाही, तिथे ऊन-गार होत राहतं. एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत बाटली ठेवून गावी नेऊ नका, बर्फाच्या पिशवीसोबत न्या.

भरवताना

मधातून औषध चाटवायची आपल्याकडे सवय आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, त्यातून बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा, होऊ शकतो. दुधाच्या पूर्ण बाटलीतही मिसळू नका. बाळाने अर्धं दूध सोडलं तर किती औषध पोटात गेलं हे कळणारच नाही. झोपवून, नाक दाबून ओतणं तर नकोच, औषध श्वासनलिकेत जातं. बसवा, गालाच्या आतल्या बाजूने थोडं थोडं सोडा.

दिल्या दिल्या ओकारी झाली तर पुन्हा द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा. डोस चुकला तर आठवल्यावर द्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या, दोन डोस एकत्र कधीच नाही. शी पातळ होणं बरेचदा दिसतं. ओआरएस आणि नेहमीचं खाणं चालू ठेवा, जुलाब थांबवायचं औषध मनाने देऊ नका. शीतून रक्त आलं किंवा लघवी कमी झाली तर लगेच दाखवा.

अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांशी बोला. ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास घ्यायला त्रास झाला, मूल गळून पडलं तर 108ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा. निघताना औषधाची बाटली सोबत घ्या. तिथल्या डॉक्टरांना नाव आणि ताकद लगेच कळेल. मुलाच्या फाइलवर त्या औषधाची अ‍ॅलर्जी मोठ्या अक्षरात लिहून घ्या.