व्हँ शो म्हणजे काढा नव्हे: घरी करताना या चुका टाळा

फ्रान्सच्या आल्सास प्रांतातल्या स्ट्रासबर्गचा नाताळबाजार १५७० पासून भरतो. डिसेंबरात कॅथेड्रलभोवतीच्या गल्ल्यांत शिरलं की डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं, इथे व्हँ शो, म्हणजे मसाला घालून तापवलेली वाइन, आहे: दालचिनी, लवंग, संत्र्याची साल आणि गरम वाइन. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात मी ती घरी करायला घेतली. अख्खी बाटली पातेल्यात ओतली, मसाला टाकला, आच मोठी केली आणि आल्याच्या चहासारखी खळखळ उकळू दिली. दहा मिनिटांत घरभर वास सुटला, आणि कपात जे आलं ते आंबट, तुरट, जिभेच्या मुळाशी कडू. तेव्हा कळलं नाही, आता कळतं. वास घरभर सुटला, म्हणजेच तो कपातून गेला.

सगळ्यात मोठी चूक: उकळी

आपला हात चहा आणि काढ्यावर बसलेला. उकळी फुटल्याशिवाय काही झालं असं वाटतच नाही. वाइनचं गणित मात्र उलटं आहे. शुद्ध अल्कोहोल साधारण ७८ अंशांना उकळतं. वाइनमध्ये पाणी जास्त असल्यामुळे ती त्याहून बरीच वर उकळते, पण अल्कोहोल आणि फळाचा नाजूक सुवास त्याआधीच वाफेवर निघून जायला लागतात. मागे उरतो तो आंबटपणा आणि तुरटपणा, आणि द्रव आटला की दोन्ही आणखी टोचतात. शिवाय खळखळत्या वाइनमध्ये लवंग आणि साल आपला कडूपणा भराभर सोडतात.

वाइन ७० अंशांच्या आसपास ठेवायची, फार तर ७५. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पातेल्याच्या कडेला मोहरीएवढे बुडबुडे चिकटलेले दिसतात, वर वाफेचा पातळ पदर असतो, पण पृष्ठभाग हलत नाही. तिथेच थांबायचं. बुडबुडे सुटून वर यायला लागले की गॅस बंद. झाकण ठेवून २०-२५ मिनिटं मुरू द्यायचं. मुरणं हाच या पेयाचा आत्मा आहे, लोणच्याचा असतो तसाच.

उकळायचंच असेल तर पाणी उकळा. ही युक्ती मला शेजारच्या, मूळच्या आल्सासच्या आजींनी दाखवली, आणि त्या दिवसापासून माझी व्हँ शो बिघडलेली नाही. १०० मिली पाण्यात ६०-७० ग्रॅम साखरेपैकी निम्मी आणि सगळा मसाला घालून पाच मिनिटं चांगलं उकळायचं. मसाल्याचा अर्क पाकात उतरतो. मग आच बारीक करून ७५० मिलीची बाटली त्यात ओतायची आणि फक्त तापवायची. मसाल्याला हवी ती उकळी मिळते, आणि वाइनला तिची झळ लागत नाही.

तरीही चुकून उकळलीच तर? लगेच गाळून मसाला आणि साली बाहेर काढा, आणि पाव बाटली ताजी वाइन वरून घाला. आता पुन्हा उकळू नका. कडूपणा उरलाच तर चमचाभर साखर आणि चिमटीच्या टोकाएवढं मीठ घाला. मीठ कडूपणा झाकतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण करून बघा.

वाइन कुठली घ्यायची

महागडी बाटली यात घालू नका. लाकडी पिंपात मुरवलेल्या वाइनचा तुरटपणा गरम झाल्यावर दुप्पट वाटतो, आणि तिचे बारकावे दालचिनीखाली गाडले जातात. दुसऱ्या टोकाला, आठवडाभर उघडी राहून आंबलेली बाटली ‘मसाल्यात खपून जाईल’ म्हणून घालतात. ती खपत नाही. गरम झाल्यावर व्हिनेगरचा वास आधी नाकात शिरतो. फ्रान्समध्ये साधी, फळाळ, फार जड नसलेली लाल वाइन घेतात: कोत द्यु रोन, मेर्लो, बोजोलेची गामे. नाशिकची वाइन वापरणार असाल तर तरुण, पिंपात न मुरवलेली शिराझ किंवा झिनफँडेल छान चालते. गोव्याची पोर्ट मुळातच गोड आणि तीव्र असते. ती घेतलीत तर साखर पूर्ण वगळा, आणि मग त्याला व्हँ शो म्हणायचा हट्टही सोडा.

आल्सासमध्ये पांढऱ्या वाइनचीही व्हँ शो करतात, आणि माझ्या मते ती लालपेक्षा सरस लागते. सिल्व्हानेर किंवा पिनो ब्लाँ, सोबत लिंबाची साल आणि थोडा मध. आपल्याकडची शनँ ब्लाँ त्या जागी बसते. इथे मसाला निम्मा करा, कारण पांढरी वाइन लवंगेचा मार सोसत नाही.

मसाल्यात हात सैल सोडू नका

एका बाटलीला दालचिनीचा बोटभर तुकडा, लवंगा दोन, फार तर तीन, आणि एक बाद्यान (चक्रीफूल). बाद्यानला फ्रेंचमध्ये बादियान म्हणतात. दोन्ही शब्द फारसीतून आलेले, त्यामुळे तिथल्या दुकानात ते मागताना मला शब्द शोधावा लागला नाही. हवं असेल तर वर जायफळ जरासं किसा. लवंग जास्त झाली की दाढेला लवंग धरल्यासारखी जीभ बधिर होते. त्यावर एकच इलाज, आणखी वाइन घालून पातळ करणं.

पूड मात्र अजिबात नको. गरम मसाल्याचा डबा उघडायचा मोह होतो, पण पूड गाळणीतून खाली उतरते, वाइन गढूळ होते आणि शेवटचा घोट वाळूसारखा लागतो. घातलीच असेल तर मलमलच्या ओल्या फडक्यातून दोनदा गाळा.

संत्र्याच्या सालीचा फक्त रंगीत भाग हवा. सालीचा आतला पांढरा थर कडू असतो. साल सोलण्यानेच काढा, दाब हलका ठेवा. सोललेली पट्टी उजेडासमोर धरली तर मागे पांढरेपणा दिसायला नको, हलकी केशरी झाक दिसली पाहिजे. साल सुटी असलेलं नागपुरी संत्रं सोलण्याला निसटतं, म्हणून फळ न सोलता, अख्खं असतानाच पट्ट्या काढा. बाजारातल्या चकचकीत संत्र्यांवर मेणाचा थर असतो, ती कोमट पाण्यात घासून धुवा. रस घालायचा तर शेवटी घाला.

साखर एकदम ओतू नका. निम्मी पाकात, उरलेली चव बघून. गरम असताना गोडी जास्त जाणवते, पण थंडी भरून आलेल्या माणसाला आणखी साखर हवीशी वाटते आणि तिथेच फसगत होते. गोड झालीच तर लिंबाचे काही थेंब पिळा.

पातेलं

याकडे कुणी लक्ष देत नाही. वाइन आम्लधर्मी असते, म्हणून ॲल्युमिनियमच्या भांड्यात ती धातूची चव घेते. कल्हई नसलेलं पितळी किंवा तांब्याचं पातेलं तर मुळीच नको, त्यातलं तांबं पेयात उतरतं आणि ते पोटात जाऊ देऊ नये. स्टील किंवा इनॅमल घ्या. जाड बुडाचं असलं तर आच सांभाळणं सोपं जातं.

कोन्याक किंवा ब्रँडी घालणार असाल तर गॅस बंद करून, पातेलं खाली उतरवून घाला. पेटत्या बर्नरवर ती ओतली की वाफ भपकन पेट घेऊ शकते.

आणि एक गैरसमज जरूर दूर करा, ‘गरम केली म्हणजे दारू उडून गेली’. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार मंद आचेवर १५ मिनिटं शिजलेल्या पदार्थात घातलेल्यापैकी साधारण ४० टक्के अल्कोहोल उरतं, तासाभरानंतरही २५ टक्के. नीट केलेली, न उकळलेली व्हँ शो तर जवळजवळ वाइनइतकीच चढते. गाडी चालवणाऱ्याच्या आणि लहान मुलांच्या हातात ती देऊ नका. त्यांच्यासाठी सफरचंदाच्या किंवा लाल द्राक्षाच्या रसात तोच मसाला मुरवा. फक्त साखर घालू नका.

वाढताना पातळ काचेचे वाइनग्लास नकोत, तडकतात. जाड मग घ्या, त्यात आधी गरम पाणी फिरवून घ्या.

उरली तर मसाला आणि साली काढूनच फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर रात्रभरात लवंग सगळ्यावर मात करते. झाकणाच्या बाटलीत दोन-तीन दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी पुन्हा बारीक आच, आणि कडेला मोहरीएवढे बुडबुडे दिसले की गॅस बंद.