कोकणातील बंद घरात कॅमेरा घेऊन जाताना

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील पुष्कळ वाड्यांमध्ये पडवीची कौले उतरलेले, खळ्यात रान माजलेले आणि दाराला गंजके कुलूप असलेले एखादे तरी घर असते. मित्रांसह त्याची छायाचित्रे काढायची असतील, तर ओसाड घर म्हणजे बेवारस घर नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पुष्कळदा मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या भाऊबंदांची त्यावर सामायिक मालकी असते आणि वाटणी रखडल्यामुळेच ते पडत असते. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, असते. तरी मालकाचा पत्ता शेजारच्या घरी अधिक लवकर लागतो. फोनवर मिळालेली परवानगी संदेशातून लेखी मागून घ्यावी. कुलूप तोडले किंवा हटकल्यावरही आत थांबले, तर प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या अतिक्रमणाविषयीच्या कलम ३२९ पर्यंत जाऊ शकते.

पावसाळ्यात आत जाऊ नये. मातीत रचलेल्या भिंती पाणी पिऊन फुगलेल्या असतात आणि चिऱ्यांवरच्या शेवाळावर पाय ठरत नाही. दिवाळीनंतर गवत वाळू लागते, तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. तिघा-चौघांनी जावे आणि त्यांतील एकाने मोबाइलला रेंज असेल अशा जागी बाहेरच थांबावे. उंबरा ओलांडण्यापूर्वी आढे, वासे आणि रिपा खालून नीट पाहाव्यात. छप्पर जिथे पोटाशी लोंबले असेल, त्याखाली उभे राहू नये. खांबावर काठीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर वाळवीने तो आतून खाल्ला आहे असे समजावे. माळ्यावर मात्र लाकूड कितीही धड दिसले तरी चढू नये. परसातली कठडा नसलेली विहीर वेलींखाली पूर्ण झाकलेली असू शकते, म्हणून प्रत्येक पावलाआधी काठी टेकवावी.

कौलांच्या ढिगात किंवा चिऱ्यांच्या फटीत हात घालू नये, कारण फुरसे या विषारी सापाची ती आवडती जागा आहे. डिवचल्यावर ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करते. तो ऐकू येताच शांतपणे मागे सरावे. दंश झालाच, तर जखम कापू नये, दोरी आवळू नये. तो अवयव हलू न देता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. वटवाघळांची वस्ती असलेल्या खोलीत मास्क लावूनच जावे, कारण विष्ठेच्या धुळीतून फुप्फुसांचा संसर्ग होऊ शकतो.

आता छायाचित्रणाविषयी. माजघर भरदुपारीही काळोखे असते, त्यामुळे तिपाई हवीच. आयएसओ १००, छिद्र एफ ८ आणि शटर काही सेकंद उघडे, अशी सुरुवात करून दोन सेकंदांचा टायमर लावावा. फ्लॅशने भिंतीचा पोत आणि चुलीमागची काजळी सपाट दिसते, म्हणून तो टाळावा. त्याऐवजी एका मित्राने दारातल्या उन्हात पांढरा पंचा ताणून धरला, तर खोलीत पुरेसा मऊ उजेड येतो. फुटक्या कौलांतून येणारे कवडसे काही मिनिटांतच सरकतात, त्यामुळे चौकट आधी ठरवून त्यांची वाट पाहावी. पायांनी मध्यभागी झिजलेला उंबरा, रहाटाच्या दोराने घासलेला लाकडी खांब, अशा तपशिलांना निवांत वेळ द्यावा. पडलेल्या मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव उठवलेले दिसते. १८६५ मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेने मंगळूरमध्ये सुरू केलेल्या उद्योगाची ही खूण घराच्या काळाचा अंदाज घेण्यास उपयोगी पडते. सुट्या पडलेल्या कौलाखेरीज काहीही हलवू नये, आणि तेही काठीने परतवून पाहून झाल्यावर जागच्या जागी ठेवावे.

देवघराचे चित्र घरच्यांना विचारल्याखेरीज काढू नये. घर वर्षभर बंद असले तरी काही कुटुंबे गणपतीला येऊन तिथे दिवा लावतात. गावकऱ्यांनी राखणदाराची, म्हणजे राखण करणाऱ्या देवतेची, म्हणून एखादी जागा दाखवली, तर तिथे पाय ठेवू नये.

चित्रे प्रसिद्ध करताना गावाचे नाव आणि फायलीतली स्थाननोंद काढून टाकावी, कारण कोरीव खांब व दरवाजे उचलून विकणाऱ्यांना तेवढी माहिती पुरते. सर्व चित्रांचा संच, वाडीतल्या जाणत्या माणसांना विचारून प्रत्येक खोलीचे नाव लिहून, मालकांना पाठवावा.