क्लायंटकडून वेबसाइटचं मॅटर घेताना या चुका टाळा

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखानदाराची वेबसाइट रखडते ती बहुतेकदा मॅटर, म्हणजे मजकूर, आणि फोटोंपायी. "तुम्ही डिझाइन करून ठेवा, मॅटर नंतर देतो," याला मान डोलावली की काम अडकलंच. तुम्ही तीन ओळींची जागा सोडता आणि शेठ पाठवतात वडिलांनी पहिला माग टाकल्यापासूनचा इतिहास. तो मोलाचाच असतो, म्हणून आधी हातात घ्या आणि मग पान आखा.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो जुना फाँट. ब्रोशरचं मराठी मॅटर डीटीपीवाल्याकडून येतं ते श्री-लिपी नाहीतर कृतिदेवमध्ये. या फाँटमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या कोडवर बसवलेली असतात. त्यामुळे वेबसाइटवर पेस्ट केलं की नुसती निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. तोच फाँट साइटवर चढवून वेळ मारून नेऊ नका. डोळ्यांना मराठी दिसेल, पण गूगलला आणि अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला ते वाचता येणार नाही. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असलेल्या पद्धतीत आणा आणि छापील ब्रोशर शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. गडबड होते ती पहिल्या वेलांटीत, रफारात आणि जोडाक्षरांत. 'निर्यात' या शब्दात वेलांटी आणि रफार दोन्ही आहेत, तो आधी तपासा.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवले की दाबले जातात. टॉवेलचे लूप आणि जॅकार्ड चादरीची नक्षी त्यातच पुसट होते, आणि ग्राहक तर नेमकं तेच बघायला आलेला असतो. मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा ड्राइव्हवर मागवा. आधीच दाबलेला फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरी गेलेले बारकावे परत येत नाहीत. छपाईच्या शाईच्या रंगांतला सीएमवायके फोटो असेल तर तो स्क्रीनच्या रंगांत, म्हणजे आरजीबी करून घ्या आणि रंग प्रत्यक्ष मालाशी जुळवा. लोगो व्हिजिटिंग कार्डावरून कापू नका, प्रेसमधून कोरल-ड्रॉमधली मूळ फाईल मिळवा. गूगलवरून उचललेले फोटो तर अजिबात नकोत, त्यांचा कॉपीराइट दुसऱ्याचा असतो.

मजकुरात 'जीआय मानांकन' (म्हणजे भौगोलिक मानांकन) असं लिहून आलं तर तिथे थांबा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे हे खरं. पण १९९९ च्या कायद्यात 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंदणी असते. या कारखान्याच्या नावाने ती आहे का, ते विचारा आणि प्रमाणपत्राची प्रत मागा. भिडेखातर हे टाळू नका.

राहिली मंजुरी. धंदा भावाभावांचा असतो, आणि एकाने पास केलेलं पान दुसरा बदलतो. मजकुरावर शेवटचा शब्द कुणाचा, हे कोटेशनमध्येच नावानिशी लिहून घ्या. मॅटर कोणत्या तारखेपर्यंत येणार तेही तिथेच लिहा. ती तारीख सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर यांच्या यात्रेच्या दिवसांत मात्र ठेवू नका.