लेदर सीटची दाराकडची कड वाचवा

ड्रायव्हर सीटची दाराकडची उंच कड सगळ्यात आधी झिजते बघा, कारण उतरताना आपण तिच्यावरनंच घासत खाली येतो. त्यापेक्षा आधी दोन्ही पाय बाहेर टाका, जरा अंग उचला आणि मगच उतरा, मागच्या खिशात किल्ल्या नकोतच.

दर १५ दिवसांनी शिवणीतली धूळ व्हॅक्यूमनं काढा, रंकाळ्यावरनं आलं की पोरांच्या भेळेची शेव तिथंच अडकलेली असते. मग ओलं मायक्रोफायबर कापड घट्ट पिळून पुसायचं, लगेच कोरडं फिरवायचं. ३-४ महिन्यांनी लेदर कंडिशनर, तोही कापडावर घेऊन, अगदी थोडा.

फक्त कोल्हापुरी चपलेला लावतो तसलं तेल सीटला लावू नका, गाडीच्या लेदरवर बहुतेक कोटिंग असतं, तेल वरच राहतं, धूळ धरतं आणि पँटला लागतं.