‘समजलं का?’ला पर्याय

“समजलं का?” म्हटलं की अख्खी पाचवी “होऽऽ” म्हणते. वह्या उघडल्या की १/२ + १/३ = २/५!

१. त्याऐवजी विचारा, “इथे छेद सहाच का घेतला?”

२. आधी प्रश्न, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचे सुटले.

३. मनात तीनपर्यंत मोजा, तोवर गप्प. हेच सगळ्यात अवघड, आपलीच जीभ वळवळते. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या वर्गांत मोजलं, तेव्हा शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते.

४. उत्तर आलं की “कसं काढलंस?”

मात्र हे बरोबर उत्तरालाही विचारा. फक्त चुकल्यावर विचारलंत, तर पोरं दोन दिवसांत ओळखतात आणि “कसं” ऐकताच खोडरबर काढतात.